हान यांगलिंगच्या मूर्तींना हात का नाहीत?

प्रश्न: कामानिमित्त चीनमधल्या शिआनला आलोय. सगळे मातीचे सैनिक बघायला पळाले, मी हान यांगलिंगला, म्हणजे हान घराण्यातल्या सम्राट जिंगच्या (मृत्यू इ.स.पू. १४१) कबरीकडे गेलो. काचेच्या जमिनीखाली खड्डे, त्यांत जेमतेम दोन फुटी माणसं. उघडी आणि बिनहाताची! मोडले की काय?

उत्तर १: मोडले नाहीत हो, कुजले. हात लाकडाचे होते, हलणारे. अंगावर खरे कपडेही होते. लाकूड, कापड दोन्ही मातीत गेलं, भाजलेली माती उरली.

उत्तर २: मातीची डुकरं, शेळ्या पाहिल्यात ना? राजाची परलोकातली शिधासामग्री!

प्रश्नकर्ता: पाहिली. रांगेत उभी, सैनिकांपेक्षा शिस्तीत. हातांचं मात्र आता पटलं, खांद्याला आरपार भोक होतंच.