फ्लिंटच्या आधीचं ईस्ट हार्लेम
शिसं या विषारी धातूविरुद्धचा लढा २०१४ मध्ये, अमेरिकेतल्या फ्लिंट शहराच्या नळाच्या पाण्यात शिसं आलं तेव्हापासून सुरू झाला, असं कुणाला वाटेल. तसं नाही. न्यूयॉर्कमध्ये घरात शिशाचा रंग लावायला १९६० मध्येच बंदी आली, पण आधीचा रंग भिंतींवर तसाच राहिला. शहरातल्या ईस्ट हार्लेम या वस्तीत पोर्तो रिकन आणि कृष्णवर्णीय कुटुंबांच्या खोल्यांत त्याचे पोपडे सुटायचे. चव गोडसर, म्हणून रांगती पोरं खिडकीखालचे तुकडे वेचून तोंडात घालायची. १९६९ मध्ये 'यंग लॉर्ड्स' या पोर्तो रिकन चळवळीतल्या तरुणांनी शहराच्या आरोग्य खात्यात ठिय्या दिला, शिशाच्या तपासणीची किट मिळवली आणि दारोदार जाऊन मुलांच्या लघवीचे नमुने गोळा केले. हे काम खरं तर सरकारचं होतं! शिशाच्या रंगाविरुद्ध देशपातळीवरचा कायदा आला तो १९७१ मध्ये.