शटडाऊनचं खापर शेवटी कुणाच्या डोक्यावर फुटणार? अमेरिकेतल्या २०२६ च्या मिडटर्मबद्दल तिकडच्यांना विचारायचंय

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी सांगलीत असतो पण ताई आणि दाजी तिकडे अमेरिकेत असल्यामुळे गेला दीड महिना फोनवर हाच एक विषय चाललाय. १ ऑक्टोबर २०२५ ला खर्चाचं बिल पास न झाल्यामुळे सरकार बंद पडलं ते १२ नोव्हेंबरला सुरू झालं, ४३ दिवस, म्हणजे ट्रम्पच्याच आधीच्या कारकिर्दीतला ३५ दिवसांचा रेकॉर्ड मोडला. ताई म्हणते संसदेची दोन्ही सभागृहं, हाऊस आणि सिनेट, रिपब्लिकनांची, राष्ट्राध्यक्ष त्यांचा, मग सरकार बंद पडलं तर जबाबदार दुसरं कोण असणार? दाजी म्हणतात सिनेटमध्ये ६० मतं लागतात, रिपब्लिकन ५३च आहेत, डेमोक्रॅटांनी मतं अडवून धरली म्हणून पगार थांबले, साधा हिशोब आहे. ज्याच्याशी शेवटचं बोलावं त्याचं पटतं अशी माझी अवस्था.

माझा प्रश्न कोण बरोबर हा नाहीये. ३ नोव्हेंबर २०२६ ला मिडटर्म, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मधली निवडणूक, हाऊसच्या सगळ्या ४३५ आणि सिनेटच्या ३५ जागांचं मतदान आहे, तोपर्यंत मतदार हे लक्षात ठेवतो का? आणि हेल्थ इन्शुरन्सची सबसिडी चालू ठेवा म्हणून डेमोक्रॅट एवढे दिवस ताणून शेवटी काहीच पदरात न पाडता परतले, त्याचा राग त्यांच्याच लोकांना येणार नाही का?

पोटोमॅककाठ
मी नॉर्दर्न व्हर्जिनियात राहतो, इथे दर दुसऱ्या तिसऱ्या घरात कुणीतरी सरकारी नोकर नाहीतर सरकारी कंत्राटावर काम करणारा, त्यामुळे आमच्याकडे हा चर्चेचा विषय नव्हता, घरभाड्याचा होता. सरकारी नोकरांना मागचा पगार नंतर मिळतो तरी, कंत्राटावरच्या सफाई कामगाराला, कॅन्टीनवाल्याला तो कुणीच देत नाही. हे लोक कुठल्याच सर्व्हेत ठळक दिसत नाहीत आणि मला त्यांचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

आता तुमचा प्रश्न. बहुतेक सर्व्हेंमध्ये ट्रम्प आणि रिपब्लिकनांना दोष देणारे जास्त निघाले, पण डेमोक्रॅटांना दोष देणारेही खूप होते, एकतर्फी काही नव्हतं. पण आमच्याकडे ४ नोव्हेंबरला, म्हणजे शटडाऊन चालू असतानाच, गव्हर्नरची निवडणूक झाली आणि अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर जवळपास १५ टक्क्यांनी जिंकल्या. त्यात सगळं श्रेय शटडाऊनचं नाही, वर्षाच्या सुरुवातीला मस्कच्या लोकांनी नोकऱ्या कापल्या तेव्हापासूनचा राग होता.

एक गोष्ट मात्र मला फार बोलकी वाटते. १९७७ पासून व्हर्जिनियाचा नियमच आहे की व्हाईट हाऊस ज्या पक्षाकडे त्याचा गव्हर्नर इथे पडतो. ह्याला एकच अपवाद, २०१३, ओबामा असताना डेमोक्रॅट टेरी मॅकॉलिफ जिंकले. आणि ते कधी, तर रिपब्लिकनांनी ऑक्टोबरमध्ये १६ दिवस सरकार बंद पाडल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत. म्हणजे खापर फुटतं, नक्की फुटतं, पण निवडणूक दारात असेल तरच.

तात्या_ह्यूस्टन
पोटोमॅककाठ यांनी २०१३ काढलंच आहे तर पुढचं पण सांगतो कारण खरा धडा तिथेच आहे. टेड क्रूझ आमचाच सिनेटर, ओबामाकेअरचे, म्हणजे ओबामाच्या आरोग्य विमा योजनेचे, पैसे तोडा म्हणून त्यानेच सगळ्यात जास्त आग लावली होती, सगळ्या देशाने रिपब्लिकनांना दोष दिला, त्यांचेच जुने नेते म्हणाले पक्ष बुडाला. आणि बरोबर एक वर्षाने २०१४ ला काय झालं? सिनेटच्या ९ जागा वाढल्या, हाऊसच्या १३ वाढल्या, सिनेट हातात आलं. कारण शटडाऊन उठलं तसं पहिल्या दिवसापासून कोसळलेल्या ओबामाकेअरच्या वेबसाईटकडे सगळ्यांचं लक्ष गेलं आणि लोक मागचं सगळं विसरले.

१९९५-९६ चं शटडाऊन घ्या, हाऊसचा रिपब्लिकन स्पीकर गिंग्रिचला सगळे शिव्या देत होते, क्लिंटन १९९६ ला निवडून आला हे खरं, पण हाऊस आणि सिनेट रिपब्लिकनांकडेच राहिलं ना. त्यामुळे कृष्णाकाठ, तुमचे दाजी आणि ताई दोघं ज्याच्यावर भांडतायत ते पुढच्या नोव्हेंबरपर्यंत कुणाच्या लक्षातही राहणार नाही असं माझं स्पष्ट मत.

मिडटर्ममध्ये राष्ट्राध्यक्षाचा पक्ष मार खातोच, शटडाऊन असो नसो. ओबामाने २०१० ला ६३ जागा घालवल्या, ट्रम्पने २०१८ ला चाळीसेक, गेल्या तीस वर्षांत उलटं फक्त १९९८ आणि २००२ ला झालं. आत्ता डेमोक्रॅटांना हाऊससाठी गेल्या निकालापेक्षा फक्त तीन जागा जास्त पाहिजेत. म्हणून तर आमच्या टेक्साससारख्या राज्यात जनगणना नसताना मधेच मतदारसंघांच्या सीमा बदलल्या, रिपब्लिकनांच्या पाच जागा वाढाव्यात म्हणून, त्यावर कोर्टात भांडण झालं. मग कॅलिफोर्नियाने प्रॉप ५० हा सीमा बदलायचा प्रस्ताव लोकांच्या मतदानाने पास करून डेमोक्रॅटांच्या पाच जागांची सोय केली, मिझुरी आणि नॉर्थ कॅरोलायना पण मागे नाहीत. मला हे शटडाऊनपेक्षा जास्त भयंकर वाटतं, मतदाराने नेता निवडायचा की नेत्याने मतदार निवडायचे? दोन्ही पक्षांनी हे थांबवायला पाहिजे पण आधी हात कोण आखडता घेणार.

सई_जर्सी
तात्या, इतिहास मान्य, पण ह्या वेळी एक फरक आहे आणि तो मोठा आहे. २०१३ ला भांडण ज्याच्यावरून होतं ती योजना लोकांच्या घरात अजून पोचलीच नव्हती, ह्या वेळी ती घरात होती आणि तिची जास्तीची सबसिडी २०२५ अखेर काढून घेतली जात होती. ही जास्तीची सबसिडी २०२१ ला कोविडमध्ये आली, २०२२ ला वाढवली ती २०२५ च्या डिसेंबरअखेरपर्यंत. २०२५ ला ओबामाकेअरच्या मार्केटप्लेसवर इन्शुरन्स घेणारे साधारण २ कोटी ४० लाख लोक होते त्यातले २ कोटी २० लाख ही सबसिडी घेत होते. केएफएफ ह्या आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा अंदाज असा होता की ती गेली तर अशा माणसाचा वर्षाचा हप्ता सरासरी ८८८ डॉलरवरून १,९०४ वर जाईल.

माझ्या नवऱ्याचा स्वतःचा छोटा धंदा आहे, आमचा इन्शुरन्स तिथूनच, पुढच्या वर्षीचे आकडे बघून आम्ही दोघं रात्री बराच वेळ बोलत बसलो होतो, मुलीची अ‍ॅलर्जीची औषधं चालू आहेत त्यामुळे प्लॅन बंद करणं शक्यच नाही. शटडाऊन लोक विसरतील, मी पण विसरेन, पण हप्ता दर महिन्याला येणार आहे, जानेवारीपासून थेट नोव्हेंबरपर्यंत. आणि ह्या सबसिडीवर सगळ्यात जास्त अवलंबून कोण तर फ्लोरिडा, टेक्सास, जॉर्जियासारखी राज्यं, जिथे मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी विमा, वाढवलंच नाही. म्हणजे जास्त करून ट्रम्पला मतं देणारे भाग.

आता राग. हो, आहे. डेमोक्रॅटांच्या गटातल्या आठ जणांनी सरकार उघडायला मत दिलं आणि बदल्यात मिळालं काय तर डिसेंबरमध्ये सबसिडीवर मतदान घेऊ एवढं आश्वासन. त्या आठांची नावं बघा, शाहीन आणि डर्बिन निवृत्त होतायत आणि बाकीच्या सहांपैकी एकाचीही निवडणूक २०२६ ला नाही. ज्याची जागा खरंच अडचणीत आहे त्या जॉर्जियाच्या ऑसॉफने विरोधात मत दिलं. मला तर ह्यातून सरळ दिसतं की पक्षाला स्वतःच्या मतदाराची भीती वाटतेय.

पोटोमॅककाठ
सई, आमचा सिनेटर टिम केन त्या आठात आहे आणि मी त्याच्या बाजूने बोलणार. शटडाऊनच्या काळात ज्यांना काढलं त्या सरकारी नोकरांना परत घ्यायचं आणि जानेवारीअखेरपर्यंत अशी कपात करायची नाही हे त्याने करारात घालून घेतलं. हे कमी आहे का? १ नोव्हेंबरपासून फूड स्टॅम्पचे, म्हणजे गरिबांना किराण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचे, पैसे अडकले होते, ४ कोटींच्या वर लोक आहेत त्यावर. पुढे अजून महिनाभर ताणलं असतं तर रिपब्लिकन सबसिडीला तयार झाले असते असं मला तरी वाटत नाही, उपाशी मात्र गरीबच राहिले असते.

बेळगावची_माधुरी
मी डेट्रॉईटजवळ असते. सईने म्हटलेला पक्षांतर्गत राग बघायचा असेल तर नोव्हेंबरची वाट बघू नका, ऑगस्टमध्ये आमच्याकडे बघा. श्री ठाणेदार, बेळगावात वाढलेला मराठी माणूस, आमचा काँग्रेसमन, आणि हा मतदारसंघ इतका पक्का डेमोक्रॅट की खरी निवडणूक ऑगस्ट २०२६ ची प्रायमरीच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी. तिथे त्यांना पक्षातूनच आव्हान आहे, तरुण लोक विचारतायत की तुम्ही ट्रम्पला खरंच अडवलं का. त्यांनी २०२५ मध्ये ट्रम्पवर महाभियोगाचा ठराव आणला होता तरी त्यांच्याच पक्षाने साथ दिली नाही. बेळगावातून मला मेसेज येतात की आपला माणूस पडायला नको, मलाही वाटतं नको, पण मत देताना मी आधी आमच्या भागातली बंद पडलेली दुकानं बघणार आणि मग आडनाव.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुठल्याच बातमीत मिळालं नव्हतं. सिनेटचं कुणीच बोललं नाही, ते पण बदलू शकतं का? आणि हे सरकार परत बंद पडू शकतं का हो?

तात्या_ह्यूस्टन
सिनेट अवघड. ५३-४७ आहे, बरोबरी झाली तर उपराष्ट्राध्यक्ष व्हान्सचं मत, म्हणून डेमोक्रॅटांना चार जागा वाढवाव्या लागतील आणि स्वतःची जॉर्जिया, मिशिगन पण राखावी लागेल. मेन आणि नॉर्थ कॅरोलायना शक्य, ओहायोत शेरॉड ब्राऊन परत उभा आहे तिथे कदाचित, चौथी कुठून आणणार मला दिसत नाही. हाऊस मात्र माझ्या मते रिपब्लिकनांच्या हातून जाणार.

पोटोमॅककाठ
परत बंद पडू शकतं, ह्या करारात पैसे ३० जानेवारी २०२६ पर्यंतचेच होते. शेती खात्याचं मात्र पूर्ण वर्षाचं बजेट ह्या वेळी पास झालंय, सप्टेंबर २०२६ पर्यंत, त्यामुळे पुढच्या वेळी निदान फूड स्टॅम्प थांबणार नाहीत. माझ्या शेजारणीला काल हेच सांगितलं तर ती म्हणाली मग एक महिन्याचं किराणा सामान जास्त भरून ठेवायचं ते आता नाही भरत.