हतनूरला बोटीचं इंजिन मध्येच बंद पडतंय, मदत हवी आहे

तापीकाठ:
तीन दिवस झाले हाच ताप. दुसऱ्या झटक्याला चालू होतं, दहा मिनिटं मस्त पळतं, मग घुसमटून बंद. प्लग नवे टाकले, कार्बोरेटर दोनदा साफ केला. काल पहाटे धरणाच्या मधोमध बंद पडलं. मी आणि वडील वल्ही मारत काठाला आलो तोवर ऊन चढलं, मासळी नरम पडली, व्यापाऱ्याने अर्ध्या भावात उचलली. उद्या परत जायचंय. लवकर सांगा.

गॅरेज_भुसावळ:
इंजिन कोणतं? दोन स्ट्रोक की चार? टाकी वेगळी की इंजिनावरच? काहीच लिहिलं नाही भाऊ.

जलविहार:
इंजिनामागून पाण्याची धार पडते का? नसेल तर इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारं चाक, गेला. माझा असाच गेला होता.

तापीकाठ:
धार जोरात पडते, इंजिन तापत नाही. दोन स्ट्रोक, ८ हॉर्सपॉवर, जुनं घेतलंय. टाकी वेगळी, लाल प्लास्टिकची.

आप्पा_नवापूर:
भाऊ, टाकीना झाकणवरला हवाना स्क्रू उघडा शे का? बंद राहिला तर टाकीत हवा जात नाही, पेट्रोल ओढलं जात नाही. आमच्याकडे उकाईच्या पाण्यात निम्म्या होड्या याच कारणाने अडकतात.

तापीकाठ:
उघडाच असतो. एवढं समजतं.

मिस्त्री_शहादा:
पेट्रोल बघा. आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल धरतं, जुनी रबरी नळी आतून सोलते. टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा, पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसेल.

जलविहार:
सगळं इथेनॉलवर ढकलू नका. ऑइल किती टाकतो ते विचारा. जुन्याला जास्तच लागतं.

मिस्त्री_शहादा:
जास्त ऑइलने प्लग काळे होतील, दहा मिनिटांनी पेट्रोल थोडंच तुटेल?

तापीकाठ:
५०:१, लिटरला २० मिली, पुस्तकात आहे तेवढंच. बाटलीत पाणी नाही निघालं.

गॅरेज_भुसावळ:
भांडण राहू द्या. तापीकाठ, नळीवर हाताने दाबायचा रबरी फुगा आहे ना? इंजिन घुसमटायला लागलं की त्याला हात लावून बघ. चपटा झाला असेल तर अडथळा फुग्याच्या मागे, टाकीकडे. चपटा नसेल आणि दाबत राहिल्यावर इंजिन सावरत असेल, तर इंजिनात पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा फाटलाय किंवा जोडातून हवा शिरतेय. फुग्यावरचा बाण इंजिनाकडेच हवा. हे बघितल्याशिवाय कार्बोरेटरला तिसऱ्यांदा हात लावू नको.

पक्षीवेडा_जळगाव:
डिसेंबरात पक्षी बघायला हतनूरला यायचंय, सकाळी होडी मिळेल का?

तापीकाठ:
फुगा चपटा! पापडासारखा. झाकण पूर्ण काढलं तरी तसाच. मग टाकीतली ओढनळी बाहेर काढली, तिच्या टोकाच्या जाळीवर तपकिरी चिकट थर, नखाने खरवडावा लागला. धुऊन बसवली. आत्ता काठाकाठाने ४० मिनिटं फिरवलं, फुगा टणक, एकदाही घुसमटलं नाही. गॅरेजवाले दादा, लय उपकार झाले.

मिस्त्री_शहादा:
तो थर आला कुठून? नळी कापून आत बघा.

तापीकाठ:
कापली. आतला पापुद्रा सुटलाय. जळगावात मीटरवर मिळेल का पेट्रोलची नळी? आतलं माप ८ मिमी आहे.