मदत हवी आहे : नायट्रोजन-डोप्ड ग्राफीनवर इथेनॉल दिसतंय, पण बेरीज १०९ टक्के

काजळी
कार्बन डायऑक्साइडपासून विजेने इथेनॉल मिळवायला धातूविरहित उत्प्रेरक (नायट्रोजन मिसळलेलं ग्राफीन) तपासतेय. ग्राफीन ऑक्साइड आणि युरिया १:१० (वजनी), आर्गॉनमध्ये ९०० अंशांवर १ तास. शाई : ५ मिग्रॅ पूड, ९५० मायक्रोलिटर इथेनॉल, ५० मायक्रोलिटर ५ टक्के नाफिऑन (पूड धरून ठेवणारं पॉलिमर). १०० मायक्रोलिटर कार्बन पेपरवर, हवेत वाळवून. एच-सेल (पडद्याने विभागलेलं दोन कप्प्यांचं पात्र), ३० मिली ०.१ मोलर पोटॅशियम बायकार्बोनेट, पीएच ६.८, −१.६ व्होल्ट (सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत), ५ मिलिअँपिअर, १ तास. अ‍ॅनोड प्लॅटिनमचा.
फॅराडे कार्यक्षमता (एकूण विजेपैकी किती टक्के कोणत्या उत्पादनाला लागली) : हायड्रोजन ६९, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३०, इथेनॉल १०. त्याच इलेक्ट्रोडवर तिसऱ्या खेपेला, ताज्या द्रावणात, इथेनॉल १ पेक्षा कमी, वायू तेवढेच. उत्प्रेरक मरतोय का?

बायकार्ब
मरत नाहीये. तसं असतं तर इथेनॉलचा वाटा हायड्रोजनकडे गेला असता. इथे वायूंचेच ९९ होतात, म्हणजे ते १० विजेतून आलेले नाहीत. हिशोब करा : ५ मिलिअँपिअर गुणिले ३६०० सेकंद म्हणजे १८ कूलोम. इथेनॉलच्या एका रेणूला १२ इलेक्ट्रॉन, म्हणून १० टक्क्यांना जेमतेम दीड मायक्रोमोल लागतं. ते ०.०९ मायक्रोलिटर! शाईतल्या इथेनॉलचा हजारावा भाग कागदात अडकला तरी पुरतो.

काजळी
मग शाई आयसोप्रोपेनॉलमध्ये करू?

बायकार्ब
नको, एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखणारी चाचणी) त्याचा मिथाइल सिग्नलही १.१७ पीपीएमलाच येतो. इथेनॉलचा त्रिक (तीन शिखरं), याचा द्विक (दोन शिखरं). पण इतक्या कमी प्रमाणात फरक ओळखणं अवघड. ३.६५ चा चतुष्क (चार शिखरं) दिसल्याशिवाय इथेनॉल म्हणू नका. शिवाय नाफिऑनच्या द्रावणातही अल्कोहोल असतंच. इलेक्ट्रोड ६० अंशांवर निर्वातात रात्रभर ठेवा, मग पाण्यात बुडवून ते पाणी एनएमआरला द्या. ते कोरं आलं तरच पुढे.

तिसरा अणू
आर्गॉनची कोरी चाचणी (कार्बन डायऑक्साइडऐवजी आर्गॉन सोडून) बायकार्बोनेटमध्ये करू नका, ते स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडतं. ०.१ मोलर फॉस्फेट बफर, पीएच ६.८ घ्या, व्होल्टेज बदलावं लागत नाही (तुमचे −१.६ म्हणजे आरएचईला, हायड्रोजनच्या संदर्भ इलेक्ट्रोडला, सुमारे −१.०).
त्यानंतरही इथेनॉल उरलं, तर कार्बन-१३ चा (कार्बनचा जड समस्थानिक) कार्बन डायऑक्साइड वापरा आणि बायकार्बोनेटही कार्बन-१३ चंच, कारण दोघांत कार्बनची अदलाबदल होते. खऱ्या उत्पादनात १.१७ च्या दोन्ही बाजूंना सुमारे १२६ हर्ट्झ अंतराची जोडी दिसेल.
धातूही तपासा. हमर्स पद्धतीच्या ग्राफीन ऑक्साइडमध्ये परमँगनेटचं मँगनीज राहतं, तांबं-लोखंडाचे अंश वेगळेच. प्लॅटिनम विरघळून कॅथोडवर बसतं आणि हायड्रोजन वाढवतं. तुमच्या ६९ मधला काही भाग तोच असू शकेल. अ‍ॅनोडला ग्राफाइटची कांडी वापरा, पूड आम्लाने धुवा, आयसीपी-एमएस (धातूंचे अंश मोजणारी चाचणी) करून घ्या. २०१६ मध्ये ओक रिज प्रयोगशाळेने −१.२ व्होल्टला (आरएचई) ६३ टक्के इथेनॉल दाखवलं, पण त्या कार्बनच्या सुयांवर तांब्याचे नॅनोकण मुद्दाम बसवलेले होते. नुसता नायट्रोजन-डोप्ड कार्बन बहुतेक वेळा सीओवरच थांबतो.

काजळी
इलेक्ट्रोड बुडवलेल्या पाण्यात १.१७ चा त्रिक आणि ३.६५ चा चतुष्क, दोन्ही आले. वीज न लावता.