आधी नोंदी दुरुस्त करा, मगच कोहावर जा

तालुका_ग्रंथपाल

आमच्या महाविद्यालयाने जुनी ग्रंथालय प्रणाली सोडून कोहा या ग्रंथालयांसाठीच्या मुक्त संगणक प्रणालीवर जायचं ठरवलंय. प्राचार्य म्हणतात, दिवाळीच्या सुट्टीत उरकून घ्या, म्हणजे नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, मूल्यांकनात नवी प्रणाली दाखवता येईल. कोहाला माझा विरोध नाही, त्याची कार्यशाळा मी स्वतः केली आहे. विरोध आहे तो घाईला.

गेल्या आठवड्यात चाचणी म्हणून दोनशे नोंदी नव्या प्रणालीत चढवल्या. इंग्रजी पुस्तकं नीट उतरली. मराठी पुस्तकांच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा नुसता गिचमिडा. या नोंदी वीस वर्षांपूर्वी त्या काळच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या आहेत. पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत साठलेली होती रोमन चिन्हं. मग जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात, बदलणाऱ्या परिवर्तकातून काढून पाहिल्या. निम्म्याहून अधिक वाचण्याजोग्या झाल्या, पण जोडाक्षर आलं की गडबड. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. रफाराचं नेमकं उलट. त्यामुळे 'आर्थिक'सारखा साधा शब्दही मोडला. 'दऱ्या'चं 'दर्या' झालं, म्हणजे डोंगरातल्या दऱ्या शोधणाऱ्याला ते पुस्तक कधीच सापडणार नाही.

आमच्याकडे साधारण अकरा हजार मराठी ग्रंथ आहेत. माझं ठाम मत आहे की प्रत्येक पुस्तक हातात घेऊन, शीर्षकपान बघून नोंद तपासावी आणि मगच हलवावं. वर्ष लागलं तरी लागू दे. तुमचं काय म्हणणं?

लिनक्सवाला

मॅडम, मला हे अजिबात पटत नाही. दिवसाला चाळीस नोंदी तपासल्या तर अकरा हजारांना कामाचे २७५ दिवस लागतात. प्रवेशाची गर्दी, परीक्षा, ना-देय दाखले सांभाळून रोज चाळीस होतील का? नाही होणार. मी तीन महाविद्यालयांच्या ग्रंथालयांचं कोहावर स्थलांतर केलंय. 'आधी साफ करू' म्हणणारं चौथं अजून जुन्याच प्रणालीवर आहे, आणि ती प्रणाली चालते एका जुन्या संगणकावर. त्याची हार्डडिस्क गेली की तुमच्या चुकीच्या नोंदीही गेल्या आणि बरोबर नोंदीही गेल्या.

कोहाचा जन्मच मुदतीच्या धाकातून झाला. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयांची जुनी प्रणाली सन २००० मध्ये चालणार नव्हती. त्यांनी १९९९ मध्ये नवी लिहून घेतली आणि जानेवारी २००० मध्ये तिच्यावर काम सुरू केलं. सगळं चोख होईपर्यंत थांबले असते तर देवघेवच बंद पडली असती.

शिवाय दुरुस्ती नव्या प्रणालीतच सोपी आहे. ब्राउझरमधून चार जण एकाच वेळी बसू शकतात. शेकडो प्रतींचा तपशील एकगठ्ठा बदलता येतो. नोंदींचा एखादा गठ्ठा चुकीचा चढला तर ती आयात परत फिरवता येते. प्रत्येक प्रतीला ग्रंथालय देतं तो दाखल क्रमांक तेवढा जपा, बाकी सगळं नंतर सुधारतं.

देवघेव_काउंटर

सरांशी सहमत. आमच्या महाविद्यालयात एक ग्रंथपाल आणि दोन परिचर, त्यातली एक जागा रिक्त. इंग्रजी पुस्तकांसाठी तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, टाकून अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसवरून तयार नोंद ओढता येते. मराठीचंही तसंच करावं, हाताने कशाला टंकायचं?

मराठी_विभाग

मी ग्रंथपाल नाही, शिकवते आणि संशोधन करते. वाचकाच्या बाजूने थोडं बोलते.

लायब्ररी ऑफ काँग्रेसचा उपाय मराठीला फार दूर नेत नाही. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच, छोट्या प्रकाशकांच्या नव्या पुस्तकांवरही कित्येकदा नसतो. आणि तिथल्या मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत, अक्षरांवर-खाली खुणा देऊन केलेल्या असतात. मार्क या नोंदींच्या संगणकीय साच्यात ८८० या क्षेत्रात मूळ लिपी देता येते, पण देवनागरीत ती बहुधा आपल्यालाच भरावी लागते. माझी बी.ए.ची विद्यार्थिनी देवनागरीत शोधणार, तिला त्या खुणांचा काय उपयोग?

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची पुस्तकं 'कांहीं', 'नाहीं', 'मुलें' अशी छापलेली आहेत. तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत, शीर्षक जसं छापलं तसंच यायला हवं, त्यात बदल करू नये. पण आजचा विद्यार्थी 'काही' असंच टंकणार. म्हणून मार्कच्या २४६ या क्षेत्रात आजच्या लेखनातलं शीर्षक जोडावं लागतं. हे कोणतंही यंत्र आपोआप करत नाही, त्यासाठी मराठी येणारा माणूस बसावा लागतो.

नावांचंही तेच. आमच्या तालिकेत कुसुमाग्रज एकीकडे, वि. वा. शिरवाडकर दुसरीकडे आणि 'शिरवाडकर विष्णु वामन' तिसरीकडे. शोधणाऱ्याला एका वेळी त्यातला एकच हिस्सा दिसतो. पुस्तक कपाटात असतं, पडद्यावर 'आढळले नाही' येतं आणि मूल निघून जातं. ते पुन्हा विचारायला येत नाही, काउंटरवर तक्रारही करत नाही. त्यामुळे 'नंतर सुधारू' म्हणण्याची किंमत कुठेच नोंदली जात नाही.

लिनक्सवाला

मॅडम, तुमचे तिन्ही मुद्दे खरे आहेत. पण ते तिन्ही दोष जुन्या प्रणालीतही आहेतच की! वर तिथे शोध घरून करताही येत नाही. नावांसाठी कोहामध्ये प्राधिकृत नोंदी करता येतात. एक नोंद करून टोपणनाव तिला जोडलं की त्या लेखकाची सगळी पुस्तकं एका धाग्यात येतात. म्हणजे तुम्हाला हवं ते करायलाही आधी तिथे जावंच लागेल.

कार्डकपाट

मी एकतीस वर्षं ग्रंथालयात काढली, आता निवृत्त आहे. तुम्ही सगळे फॉन्टवर बोलताय. फॉन्ट हा निम्माच प्रश्न आहे.

आमच्याकडे पहिलं संगणकीकरण झालं तेव्हा काम ठेक्याने दिलं होतं, दर नोंदीमागे पैसे. मुलं भराभर टंकायची, कारण वेगावरच कमाई होती. त्यांना बोल लावत नाही. पण त्या घाईत काय गळलं ते सांगतो. अनुवादकाचं नाव गळलं, संपादक गळला, आवृत्ती गळली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे खंड क्रमांक गळला. दहा खंडांच्या दहा नोंदी, दहाही सारख्याच. विद्यार्थी सातवा खंड मागतो आणि परिचर दहा वेळा शिडीवर चढतो. फॉन्ट कितीही शुद्ध करा, जे टंकलंच नाही ते परिवर्तक कुठून आणणार?

ते सगळं संगणकाआधीच्या तालिकेच्या कार्डांवर होतं. शीर्षकपान समोर ठेवून, सुवाच्य अक्षरात, विषयाच्या नोंदींसह. आणि संगणक आला म्हणून बऱ्याच ठिकाणी ती कार्डं रद्दीत घातली. आमच्याकडेही तेच ठरलं होतं. मी कपाट तळघरात नेऊन ठेवलं, त्यावरून बोलणीही खाल्ली. तालुका_ग्रंथपाल मॅडम, तुमची कार्डं आहेत का? असतील तर प्रत्येक पुस्तक कपाटातून काढायची गरज नाही. कार्डाचा खण टेबलावर घ्या आणि पडद्याशी ताडून पाहा. पुस्तक फक्त संशय आला तरच काढा. वेळ निम्म्याहून खाली येईल.

लिनक्सवाला

सर, खंड क्रमांकाचं मान्य. हे माझ्या एका स्थलांतरात घडलंय आणि आम्हाला ते साठा पडताळणीत कळलं, सहा महिन्यांनी. चढवण्याआधी एकाच शीर्षक-लेखकाच्या सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये एकत्र आणून पाहायला हव्या होत्या, दोन दिवसांचं काम होतं. पण वर्षभर थांबा या मताशी मी आजही सहमत नाही.

देवघेव_काउंटर

कार्डं आमच्याकडे नाहीत. दाखल पुस्तकं, म्हणजे दाखल क्रमांकांच्या नोंदवह्या, आहेत, सगळी. त्यात खंड आणि किंमत लिहिलेली असते. ज्यांची कार्डं गेली त्यांनी निदान ती उघडावीत.

तालुका_ग्रंथपाल

कार्डं आहेत, सर. काल संध्याकाळी जिन्याखालची खोली उघडवली. अठरा खण. दोन खणांना वाळवी लागली आहे, बाकी शाबूत. साहित्याच्या खणात माझ्या आधीच्या ग्रंथपालांच्या हस्ताक्षरातलं कार्ड निघालं, त्यावर अनुवादकाचं नाव, मूळ भाषा, खंड, सगळं. आमच्या संगणकात त्याच पुस्तकापुढे फक्त शीर्षक आहे, तेही अर्धं.

वर्षभराचा हट्ट मी सोडते. जुन्या संगणकाबद्दल लिनक्सवाला सर म्हणतात ते खरंच आहे, परवा तो दोनदा बंद पडला. इंग्रजी नोंदी दिवाळीत चढवू. मराठी मात्र परिवर्तकातून काढून तशीच ढकलायला मी सही देणार नाही. कार्डांशी ताडलेला एकेक खण झाला की तेवढाच गठ्ठा चढेल, आणि तोवर मराठीची देवघेव दाखल क्रमांकावर नोंदवहीतून चालेल. प्राचार्यांना तसं लेखी देणार आहे. साहित्याच्या खणापासून सुरुवात, सोमवारी.

लिनक्सवाला

नोंदवहीतून देवघेव नको, मॅडम. दोन ठिकाणी हिशेब झाला की पुस्तकं हरवतात. मराठीच्या प्रती नुसत्या दाखल क्रमांक आणि बारकोडसह आधी चढवा, शीर्षक मागाहून येऊ द्या. चाचणीची फाइल पाठवा, मांडणी मी करून देतो.