मदत हवी आहे: चार महिने दोन वेळा जेवणाऐवजी पावडरीच्या शेकवर काढले, आता जेवणाकडे परत कसं यायचं?

कृष्णाकाठ:

नमस्कार. लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. आज सकाळी कंगव्यातलं गुंतवळ काढताना लेकीने पाहिलं आणि विचारलं, "आई, एवढे केस? तुला काय झालंय?" म्हणून लिहायला बसले.

आधी माझी माहिती देते. वय ४२, उंची १५७ सेंमी. जूनमध्ये वजन ७८ किलो होतं, आज ६९ आहे. सांगलीत एका पतसंस्थेत कॅश काउंटरला आहे, दिवसाचे सात तास खुर्चीत. थायरॉईडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी सहा वर्षांपासून चालू. मधुमेह नाही, बीपी नाही. घरी नवरा, सासूबाई आणि १३ वर्षांची मुलगी.

आमच्या पलीकडच्या गल्लीत एक न्यूट्रिशन क्लब आहे. ऑफिसातली मैत्रीण तिथे जायची, तिचं वजन उतरलेलं डोळ्यांना दिसत होतं. सकाळी सातला दहा-बारा जणी जमतात, वजनकाट्यावर उभ्या राहतात, शेक पितात, ज्यांचं वजन कमी झालं त्यांच्यासाठी टाळ्या होतात. मला तिथे जायला फार आवडायचं. घरी उठल्यापासून डबे, पाणी, दूधवाला यात सकाळ जाते. तिथे माझ्या अर्ध्या किलोचंही कुणाला तरी कौतुक होतं.

तिथल्या कोचबाईंनी सांगितलं की सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण बंद करायचं, त्याऐवजी शेक घ्यायचा. सकाळी पावडर दुधात, रात्री पाण्यात. दुपारी दोन चपात्या, भाजी, एक वाटी वरण. मी शब्दन् शब्द पाळला. पहिल्या महिन्यात साडेचार किलो गेले. दिराच्या घरच्या लग्नात जुना ब्लाउज बसला तेव्हा मला रडू आलं होतं. त्या आनंदाबद्दल मला आजही काही वाईट वाटत नाही.

तिसऱ्या महिन्यापासून मात्र केस जायला लागले. पोट तीन-तीन दिवस साफ होत नाही. पतसंस्थेचा जिना दोन मजल्यांचा आहे, मधल्या वळणावर कठडा धरून थांबावं लागतं. कोचबाई म्हणाल्या, शरीर शुद्ध होतंय, होऊ द्या. मागच्या आठवड्यात रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की हा आकडा वाढतो) ८.९ आलं. मे महिन्यात २.८ होतं. गोळी एक दिवसही चुकलेली नाही. डॉक्टर डोस वाढवू म्हणाले. मी त्यांना शेकचं सांगितलंच नाही, रागावतील असं वाटलं.

आणि कोजागरीचं सांगायचं राहिलं. सासूबाईंनी दूध आटवलं होतं, केशर, चारोळी सगळं घालून. गच्चीवर सगळ्यांच्या हातात पेला दिला. मी म्हटलं, मला नको. लेकीने माझ्याकडे पाहिलं, आपला भरलेला पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "मग मलाही नको. मी पण रात्री शेक घेऊ का?" ती मुळात काडीसारखी आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मला शेक बंद करायचा आहे, पण भीती वाटते. गेल्या रविवारी रात्री एक भाकरी आणि आमटी खाल्ली तर सोमवारी काट्यावर एक किलो जास्त. नऊ किलो असेच परत येणार का? एकदम बंद करू की हळूहळू? थायरॉईड वाढण्याशी शेकचा काही संबंध असेल का? आणि दुधात घेते म्हटल्यावर प्रथिनं भरपूर जात असतील ना, मग केस का जातात? जाणकारांनी कृपा करून सांगावं.

पहाटपाळी:

ताई, मी पाच वर्षं जिम करतोय, व्हे नावाची प्रथिनांची पावडर घेतो, म्हणून एवढंच विचारतो. डब्याच्या मागचा तक्ता वाचलात का? एका वेळच्या पावडरीत प्रथिनं किती ग्रॅम आहेत? चीज करताना जे पाणी सुटतं त्यापासून व्हे बनतं. त्याच्या एका स्कूपात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात आणि १२० च्या आसपास कॅलरी. पण मी ते जेवणासोबत घेतो, जेवणाच्या जागी नाही. क्लबमधल्या पावडरी वेगळ्या असतात, बऱ्याच वेळा त्यात प्रथिनं कमी आणि बाकी भर जास्त. तक्ता इथे टाका. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ आकडी परवाना क्रमांक आहे का तेही बघा.

कृष्णाकाठ:

आत्ताच डबा आणून वाचला. एका वेळची पावडर २५ ग्रॅम, त्यात प्रथिनं ९ ग्रॅम, कॅलरी शंभरच्या आत. परवाना क्रमांक आहे. चार महिन्यांत मी हा तक्ता एकदाही वाचला नव्हता.

ताटवाटी:

ताई, मी पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. इथे लिहिलेलं वाचून कुणी स्वतःचे उपचार ठरवू नयेत, पण तुमच्या बाबतीत काही गोष्टी इतक्या स्वच्छ दिसतात की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुमचा दिवस मी मांडून पाहिला. सकाळचा दुधातला शेक: पावडरीचे ९ आणि पेलाभर दुधाचे ६-७, म्हणजे पंधरा-सोळा ग्रॅम प्रथिनं. रात्रीचे ९. दुपारच्या चपात्या, वरण, भाजी मिळून पंधरा. झाले चाळीस. भारतीयांसाठी आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने ठरवलेली रोजची गरज किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, तुमच्या वजनाला ती ५७ ग्रॅमच्या घरात जाते. म्हणजे ज्याला तुम्ही प्रोटीन शेक म्हणत होता त्याने तुमचं प्रोटीन कमीच केलं. कॅलरीही जेमतेम सातशे-साडेसातशे भरतात. वजन पावडरीच्या गुणाने उतरलेलं नाही, अर्धपोटी राहिल्याने उतरलं. त्यात चरबीसोबत स्नायूही जातात. जिन्यावर थांबावं लागतं त्यात याचा मोठा वाटा असू शकतो, हिमोग्लोबिनही बघायला हवं.

केसांचं कोडंही याच्याशी जुळतं. पोटाला एकदम कमी मिळू लागलं की केसांची मुळं मोठ्या संख्येने विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी ते केस गळतात. म्हणून तुम्हाला तिसऱ्या महिन्यात दिसलं. शुद्धीचा यात काही भाग नाही. आहार सुधारला की बहुतेकींचे केस परत येतात, पण काही महिने जातात, तेवढा धीर धरा. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या, कारण थायरॉईड आणि लोह या दोन्हीमुळेही केस जातात.

आता थायरॉईड. मला एवढंच सांगा, गोळी किती वाजता घेता आणि शेक किती वाजता?

कृष्णाकाठ:

गोळी सव्वासहाला, उपाशीपोटी, पाण्याबरोबर. शेक सातला.

ताटवाटी:

वाटलंच होतं. कॅल्शियम आणि लोह ही दोन्ही थायरॉईडची गोळी आतड्यात अडवतात, ती रक्तात पुरेशी उतरत नाही. म्हणून कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या असतील तर चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. तुमच्या पावडरीत दोन्ही मिसळलेली असणार, वर पेलाभर दूध. पाऊण तासाचं अंतर साध्या नाश्त्याला चालतं, याला नाही. हेच एकमेव कारण आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना हे कळलंच पाहिजे. नाहीतर गोळी वाढेल, पुढे शेक सुटेल आणि मग तीच गोळी जास्त होईल, धडधड सुरू होईल. डबा घेऊनच जा त्यांच्याकडे. रागावले तर रागावले. डोस मनाने कमी-जास्त करू नका. वेळ बदलल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघतात.

म्हणून आधी सकाळचा शेक काढा, रात्रीचा नंतर. सकाळी सव्वासातला दोन अंडी आणि एक चपाती, किंवा मुगाची दोन धिरडी. अर्धी वाटी मुगाची दहा-बारा ग्रॅम प्रथिनं होतात, तुमच्या एका वेळच्या पावडरीपेक्षा जास्त. दूध-दही दुपारनंतर घ्या. दोन आठवडे असं गेलं की रात्रीचं जेवण सुरू करा.

सोमवारी वाढलेल्या किलोची भीती सोडा. धान्य परत खाल्लं की स्नायू आणि यकृत ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठवतात आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत तिप्पट पाणी राहतं. तो किलो बहुतांश पाण्याचा होता. एका भाकरीने एका रात्रीत किलोभर चरबी होऊच शकत नाही.

टेम्सतीर:

मी लंडनजवळ राहतो, मूळचा मिरजेचा. दीड वर्षापूर्वी मी १२ आठवडे फक्त सूप आणि शेकवर होतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. इथे सरकारी आरोग्यसेवेचा टाइप २ मधुमेहासाठी एक कार्यक्रम आहे. रोज ८०० ते ९०० कॅलरी, तीन महिने. त्याच्यामागे न्यूकॅसल आणि ग्लासगोच्या डॉक्टरांचा अभ्यास होता, २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरानंतर गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. तेव्हा शेकने वजन उतरत नाही किंवा ते मुळातच वाईट, असं मी म्हणणार नाही. मला फायदा झाला.

पण ताई, तुमच्या आणि माझ्या शेकमध्ये फार फरक आहे. माझी पाकिटं पूर्ण आहार म्हणून बनवलेली होती, दिवसभराची सगळी जीवनसत्त्वं, क्षार, प्रथिनं मोजून. सुरू करायच्या दिवशी डॉक्टरांनी माझी मधुमेहाची गोळी बंद केली, रक्तदाब बघत राहिले. बद्धकोष्ठ होणार हे आधीच सांगितलं होतं, त्यासाठी इसबगोलासारखी पुडी दिली. आणि १२ आठवडे झाले की शेक थांबवायचे, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. तुम्ही माझ्यापेक्षा कमी कॅलरींवर, माझ्यापेक्षा जास्त दिवस, कुणाच्याही देखरेखीशिवाय राहिलात.

मला सगळ्यात अवघड गेले ते जेवण परत सुरू करतानाचे आठवडे. पहिलं ताट समोर आलं तेव्हा हात थरथरला होता, खोटं नाही सांगत. माझ्या चौदा किलोंपैकी चार परत आले, दहा गेलेलेच आहेत. त्या काळात रोज वजन करणं सोडलं आणि आठवड्यातून एकदाच, शनिवारी सकाळी करायला लागलो. त्याने जीव शांत झाला. अजून एक, पटकन वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होण्याचा धोका असतो. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ आली तर थांबू नका, दाखवा.

पहाटपाळी:

गेलेला स्नायू नुसत्या खाण्याने येत नाही, त्यावर ताण द्यावा लागतो. जिम नको असेल तर घरी खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, दहाचे दोन फेरे, एक दिवसाआड. भिंतीला हात टेकून दंड. रिपोर्ट आल्यावर, डॉक्टर हो म्हणाले की सुरू करा.

अबोली:

पोरी, मी तुझ्या आईच्या वयाची आहे, म्हणून एकेरी लिहिते. औषधाचं ही मंडळी सांगतायत ते ऐक. मी लेकीबद्दल बोलते.

माझी धाकटी दहावीत असताना जेवणातून एकेक वस्तू काढत गेली. आधी तूप, मग भात, मग रात्रीचं जेवण. पाळी थांबली तेव्हा आम्हाला कळलं. तिला परत ताटावर बसवायला दोन वर्षं गेली. तुझ्या लेकीने पेला खाली ठेवला आणि ते तुझ्या डोळ्याला दिसलं, यातच तू वेळेत आहेस. तिला बसवून समजावत बसू नकोस. तिच्यासमोर काट्यावर उभी राहू नकोस, माझं पोट, माझे दंड असं बोलू नकोस. रात्री तिच्या शेजारी ताट घे. थोडं घे, पण घे.

आणि ताटात काय, तर आपल्याकडे काही कमी आहे का? ज्वारीची एक भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ वाटीभर, काकडीची कोशिंबीर, ताक. एखाद्या दिवशी पिठलं, त्यात मूठभर मेथी टाक, पोटालाही बरं. मटकी सकाळी भिजव, रात्री फडक्यात बांध, दुसऱ्या संध्याकाळी मोड तयार. हे काम लेकीकडे दे. स्वतः मोड आणलेली उसळ मुलं खातात.

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले, नवऱ्यालाही वाचून दाखवले. डबा परत बघितला, कॅल्शियम आणि लोह दोन्ही आहे. ताटवाटी ताई, चार महिने मी सव्वासहाला गोळी घ्यायची आणि सातला तिच्यावर पाणी फिरवायचे. डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली आहे, डबा पिशवीत घालून ठेवला आहे. फेरिटिन आणि बी-१२ साठी उद्या सकाळी रक्त देणार.

आज सकाळी धिरडी केली. दुसरं धिरडं खाताना पोटात गोळा आला, पण संपवलं. टेम्सतीर दादा, तुमच्या हात थरथरण्याचं वाचलं होतं म्हणून जमलं. काकू, मटकी भिजवली आहे. लेक तीनदा उघडून बघून आली, उद्या फडक्यात ती बांधणार आहे.

आता एक शेवटचं विचारते. सकाळी सातला क्लबात जायचं नाही म्हटल्यावर ती वेळ अंगावर येणार, आजही आली. मैत्रिणी तिथेच आहेत. सांगलीत विश्रामबाग किंवा आमराईच्या बाजूला सकाळी चालायला जाणाऱ्या बायकांचा गट कुणाला माहीत आहे का? पावणेसात ते साडेसात मला जमेल. वजन विचारणाऱ्या नसल्या तर फार बरं.