पावसाच्या तोंडावर कॅमेरा बिघडलाय, दुरुस्त करू, सेकंडहँड घेऊ की मिररलेसवर जाऊ?

रानवाट_सावंतवाडी
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. २०१६ ला घेतलेला डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आहे, सोबत किटची १८-५५ लेन्स आणि अगदी जवळून फोटो काढायची १०० एमएमची मॅक्रो लेन्स. दर पावसाळ्यात आंबोलीला बेडकांचे फोटो काढते, कातळावरच्या डबक्यांत आंबोली टोड जमायला लागला की मला घरात बसवत नाही. तर महिनाभर असं होतंय की बटण दाबलं की खट्ट आवाज, स्क्रीनवर एरर, बॅटरी काढून घातली की परत एखादा फोटो निघतो आणि पुन्हा तेच. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दहा मिनिटांत सांगून टाकलं, शटर (फोटोच्या वेळी उघडझाप करणारा पडदा) गेलंय, १३,५०० होतील. काउंट, म्हणजे आजवर काढलेले फोटो, ९२ हजार आहे. तीच बॉडी सेकंडहँड २२ हजाराला मिळतेय. आणि घरचे म्हणतात जुन्यावर पैसे घालूच नकोस, मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) घे, पण ते जुन्या लेन्स लावायचा अडॅप्टर धरून ऐंशी हजारांच्या वर जातंय. खरंच झोप लागत नाहीये, काय करू?

घाटमाथा
ताई, मी दोन वर्षांपूर्वी मिररलेसवर गेलो, मॅक्रोला फरक पडतो हे मनापासून सांगतो. फोकस कुठे बसलाय ते व्ह्यूफाइंडरमध्येच मोठं करून दिसतं. कॅनन, निकॉन दोघांनीही २०१८ ला मिररलेससाठी नवे माउंट (लेन्स बसवायची जागा) आणले आणि नवीन सगळं तिकडेच येतंय. फक्त दोन गोष्टी, सायलेंट शटरवर बहुतेक बॉडीत फ्लॅश चालत नाही, आणि बॅटऱ्या जास्तीच्या घ्याव्याच लागतात, माझ्या एका रात्रीत तीन संपतात.

जुना_कारागीर
ताई, थांबा, अजून एक रुपयाही देऊ नका. तीस वर्षं कॅमेरे उघडतोय म्हणून विचारतो, एरर कुठल्या लेन्सवर येतो? मॅक्रो काढून १८-५५ लावा आणि पन्नास फोटो काढा. मग मॅक्रो लावून एफ २.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून काढा, मग एफ ११ वर, म्हणजे छिद्र लहान करून. डीएसएलआरमध्ये फोटो निघेपर्यंत अ‍ॅपर्चर (म्हणजे हेच छिद्र) पूर्ण उघडंच असतं, ते लहान करणारी पाती मिटतात ती बटण दाबल्यावर. ती अडकली की बॉडी एरर देते आणि सगळे शटरला दोष देतात. ९२ हजाराला शटर जाऊ शकतं, नाही असं नाही, पण आधी बघा तरी.

रानवाट_सावंतवाडी
काका, आत्ताच करून बघितलं, हात थरथरतायत टाइप करताना! १८-५५ वर साठ फोटो काढले, एकदाही एरर नाही. मॅक्रो २.८ वर पण व्यवस्थित. एफ ११ केलं आणि पहिल्याच फोटोला खट्ट. मग डेप्थ ऑफ फील्डचं बटण (फोटो न काढताच पाती मिटवणारं) दाबून समोरून टॉर्च मारला, पाती अर्धवट मिटून तिरकी अडकलेली दिसली, एक पातं तर जागचं हललंच नाही. मी बेडकांसाठी कायम ११ नाहीतर १६ वरच असते, म्हणून मला वाटत होतं की कॅमेराच गेला.

जुना_कारागीर
म्हणजे बॉडी ठणठणीत आहे. लेन्समधलं अ‍ॅपर्चर युनिट किंवा त्याची फ्लेक्स पट्टी (आतली पातळ लवचिक वायरिंग) गेलीय, पुष्कळ लेन्समध्ये होतं हे. बदलून मिळतं आणि सहसा शटरपेक्षा स्वस्त पडतं. कोकणकन्येनं सीएसएमटीला उतरा, बोराबाजार चालत पाच मिनिटांवर, तिथे दोन-तीन कॅमेरा दुरुस्तीवाल्यांना दाखवून मगच द्या आणि काढलेला जुना पार्ट परत मागून घ्या. उघडतीलच तेव्हा आत बुरशी आहे का तेही बघायला सांगा.

घाटमाथा
काका, मानलं तुम्हाला. ताई, माझा सल्ला मागे घेतो. ऐंशी हजाराची बॉडी घेऊन अडॅप्टरवर हीच लेन्स लावली असती तर एरर तिथेही आला असता.

रानवाट_सावंतवाडी
तेच डोक्यात आलं आणि अंगावर काटा आला. शुक्रवारचं तिकीट काढलंय. तोवर लेन्स डब्यात सिलिका जेलसोबत ठेवलीय, ओलावा शोषून निळे दाणे एका रात्रीत गुलाबी झालेत, तव्यावर गरम करून परत घालतेय. काका, फ्लेक्स पट्टी बदलल्यावर पैसे द्यायच्या आधी दुकानातच काय काय तपासून घेऊ?

जुना_कारागीर
एफ १६ ला ठेवून सलग शंभर फोटो, एकदा कॅमेरा सरळ धरून, एकदा लेन्स खाली करून. पाती जड झाली असतील तर खाली धरल्यावर कळतं.